रेशीम-व्यापाराची नाडीपरीक्षा

रेशीम म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पैठणी येते, शालू येतो, देवघराच्या खुंटीवरचा सोवळ्याचा मुकटा येतो. आपल्या व्यवसायातील मंडळींना मात्र त्याबरोबर आणखी एक वस्तू आठवते : निर्जंतुक वेष्टनातून निघणारा काळा रेशमी धागा. गाठ पक्की बसते, हाताला नरम लागतो आणि शल्यचिकित्सकाचे ऐकतो, अशी त्याची ख्याती. कृत्रिम धाग्यांनी त्याचे बरेच क्षेत्र व्यापले असले तरी तो अजून शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झालेला नाही.

बेळगावात तीसहून अधिक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना या दोन्ही रेशमांशी माझा संबंध आला. एकाशी शस्त्रक्रियागृहात आणि दुसऱ्याशी शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतून येणाऱ्या विणकर रुग्णांमुळे. त्यातूनच रेशमाच्या व्यापाराविषयी वाचण्याची गोडी लागली. हा इतिहास सामान्यतः काफिले, बंदरे, राजे आणि जकाती यांच्या भाषेत लिहिला जातो. तोच वैद्याच्या नजरेने वाचला तर त्यात तीन रोगकथा सापडतात : मालाबरोबर आलेला रोग, किड्याला जडलेला रोग आणि धागा हाताळणाऱ्या माणसाला जडलेला रोग. पहिल्या दोन रोगांसाठी जगाने तपासणीची काटेकोर व्यवस्था उभी केली. तिसऱ्यासाठी ती आजही अपुरी आहे. हीच गोष्ट वाचकांपुढे, विशेषतः माझ्या व्यवसायबंधू-भगिनींपुढे, मांडावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हलके, महाग आणि दूरचे

रेशीम हा जणू दूरच्या प्रवासासाठीच घडलेला माल. वजनाला हलका, किमतीला भारी, लहानशा गाठोड्यात मावणारा आणि नीट जपल्यास वर्षानुवर्षे टिकणारा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत चीनचे रेशीम, रेशमी सूत आणि कापड बाल्खमार्गे खुष्कीने भडोचला येत असल्याची नोंद आहे. आपल्या पैठण आणि तेर या नगरांचाही उल्लेख त्याच ग्रंथात येतो. त्याच शतकात प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली की हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी रोमन साम्राज्यातून दहा कोटी सेस्टर्स इतके धन ओढून नेतात. परदेशी चैनीच्या वस्तूंमुळे देशाचा पैसा बाहेर जातो, हा आजचा युक्तिवाद इतका जुना आहे.

चीनने रेशमाचे रहस्य शतकानुशतके जपले. सम्राट जस्टिनियनच्या काळात, ५५२ च्या सुमारास, काही धर्मप्रचारक भिक्षूंनी रेशीमकिड्याची अंडी गुपचूप कॉन्स्टँटिनोपलला पोहोचवली, असे तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. तेथून ही विद्या हळूहळू इटली आणि फ्रान्समध्ये रुजली. फ्रान्समधील ल्याँ शहराला १५३६ साली राजा पहिला फ्रान्सिस याने रेशीम विणण्याची सनद दिली आणि पुढे ते युरोपातील रेशमी कापडाचे माहेरघर झाले.

मोल एवढे असल्यावर लबाडीही आलीच. रेशीम आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी शोषूनही हाताला ओले लागत नाही. त्यामुळे रेशमाच्या भावाने पाणी विकणारे व्यापारी सर्वत्र होते. यावर उपाय म्हणून ल्याँमध्ये १८०५ साली सरकारी तपासणीघर स्थापन झाले. नमुना पूर्ण वाळवायचा, त्या कोरड्या वजनात अकरा टक्के ओलावा धरायचा आणि तेच विक्रीचे वजन मानायचे, ही रीत पुढे जगभर मान्य झाली. धाग्याची समानता, स्वच्छता आणि मजबुती यांच्याही कसोट्या ठरल्या. आज कच्च्या रेशमाला 'दोन ए', 'तीन ए', 'चार ए' अशा प्रती दिल्या जातात, त्या अशाच तपासण्यांवरून. मालाच्या बाबतीत या व्यापाराने एवढी दक्षता घेतली आहे.

मार्सेय, १७२० : मालाबरोबर आलेला रोग

दक्षता सुटली की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण फ्रान्सच्या मार्सेय बंदरात घडले. २५ मे १७२० रोजी 'ग्रां-सँ-ताँत्वान' नावाचे जहाज सिडॉन, ट्रिपोली आणि सायप्रस येथून मौल्यवान कापड आणि सुती माल घेऊन तेथे आले. त्या मालात रेशीम होते. वाटेत एक प्रवासी, काही खलाशी आणि जहाजावरचा शल्यचिकित्सक मरण पावले होते. इटलीतील लिव्होर्नो बंदराने जहाजाला प्रवेश नाकारला होता. मार्सेयमध्ये विलग्नवासाचे नियम अतिशय कडक होते. संशयित जहाज दूरच्या बेटाशी थांबवावे, माल उघड्या हवेत पसरून ठेवावा, अशी पद्धत होती. परंतु जुलै महिन्यात बोकेर गावी मोठी जत्रा भरणार होती आणि माल तिथे विकावयाचा होता. मालाच्या मालकांत शहराच्या प्रमुख नगराधिकाऱ्याचाही वाटा होता. मौल्यवान गाठोडी दूरच्या बेटावर न पाठवता शहराजवळच्या विलग्नवास-केंद्रात उतरवण्यात आली.

माल वाहणारे हमाल आजारी पडू लागले. बंदराच्या आरोग्य कार्यालयाच्या शल्यचिकित्सकाने मृतदेह पाहून प्लेगची लक्षणे दिसत नसल्याचा निर्वाळा दिला. जूनअखेरीस रोग शहराच्या गल्ल्यांत शिरलेला होता. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या त्या शहरातील चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली आणि प्रोव्हान्स प्रांत धरून मृतांची संख्या लाखाच्या घरात गेली. कप्तानाला कैदेत टाकण्यात आले.

त्या शल्यचिकित्सकाला आज दोष देणे सोपे आहे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांना दिसला. उंदरावरच्या पिसवांमधून तो पसरतो, हे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही तो बंदरातूनच आला. मार्सेयच्या वैद्यांना हे ज्ञान नव्हते. पण माल थांबवावा, एवढा अनुभव त्यांच्या शहराला होता, नियमही होता. तारखेवर पोहोचण्याची निकड नियमापेक्षा मोठी ठरली. व्यापाराची घाई आणि वैद्याचा सोयीस्कर निर्वाळा एकत्र आले म्हणजे काय किंमत मोजावी लागते, याचा हा धडा आहे.

आलेस, १८६५ : किड्याला जडलेला रोग

दुसरी कथा आपल्याला अधिक परिचित आहे, निदान तिचा नायक तरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समधील तुतीच्या बागांनी वैभवाचे दिवस पाहिले होते. १८५३ साली फ्रान्समध्ये कोषांचे उत्पादन सुमारे २६ हजार टन होते. १८६५ पर्यंत ते सुमारे चार हजार टनांवर घसरले. किड्यांच्या अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसत, म्हणून या रोगाला 'पेब्रिन' असे नाव पडले. किडे खाईनात, वाढेनात, कोष बांधण्याआधीच मरत. शेतकऱ्यांनी इटलीतून अंडी आणली, नंतर बाल्कन प्रदेशातून, नंतर कॉकेशसमधून. रोग त्यांच्या मागोमाग गेला. शेवटी निरोगी अंड्यांसाठी इटालियन आणि फ्रेंच व्यापारी थेट जपानला जाऊ लागले. १८५९ साली परदेशी व्यापाराला खुले झालेले योकोहामा बंदर अंडी चिकटवलेल्या पुठ्ठ्यांच्या व्यापाराने गजबजले. कापडाच्या व्यापारामागे धाग्याचा व्यापार असतो आणि धाग्याच्या व्यापारामागे अंड्यांचा, हे युरोपला त्या वेळी प्रकर्षाने कळले.

१८६५ साली रसायनशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त द्यूमा यांनी आपल्या शिष्याला, लुई पाश्चरला, या रोगाचा छडा लावण्याची गळ घातली. पाश्चरने तोवर रेशीमकिडा हातातही धरलेला नव्हता. आलेस या गावी तो काम करू लागला आणि पुढची पाच वर्षे त्याच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाची ठरली. १८६५ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी दोन वर्षांची मुलगी कामीय गेली, १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील विषमज्वराने गेली. १८६८ च्या ऑक्टोबरात पाश्चरला पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. अशाही अवस्थेत काम थांबले नाही.

किड्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत लंबगोल कण दिसतात, हे इतरांनी आधीच नोंदवले होते. ते कण रोगाचा परिणाम असावेत, असे पाश्चरला आरंभी वाटत होते. निरीक्षणे साठत गेली तसे त्याने मत बदलले. कण हेच रोगाचे कारण आहे, ते मातेकडून अंड्यात उतरते आणि दूषित पानांतूनही पसरते, हे त्याने दाखवून दिले. 'फ्लॅशरी' हा आणखी एक वेगळा रोग या गोंधळात मिसळलेला आहे, हेही त्याने वेगळे काढले. येथे अगोस्तिनो बस्सी या इटालियन संशोधकाचेही स्मरण केले पाहिजे. रेशीमकिड्याचा 'मस्कार्डिन' हा रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो, असे त्याने १८३५ सालीच सिद्ध केले होते. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा तो पहिला पुरावा मानला जातो. रोगजंतू-सिद्धान्ताची पाळेमुळे अशी रेशमाच्या शेतात आहेत.

पाश्चरचा उपाय औषधाचा नव्हता, निवडीचा होता. प्रत्येक मादी पतंगाला स्वतंत्र जागी अंडी घालू द्यावीत. नंतर ती मादी खलात कुटून तिचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. कण दिसले तर तिची सर्व अंडी नष्ट करावीत, न दिसले तरच ती शेतकऱ्याला द्यावीत. एवढी साधी पद्धत. काही वर्षांपूर्वी कर्नाटकातील एका शासकीय बीजागारात मी ती प्रत्यक्ष पाहिली. एका लांब टेबलाशी बसलेल्या मुली एकामागून एक काचपट्ट्या सहाशे पट वाढवून पाहत होत्या आणि वहीत टिंब करत होत्या. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या अंड्यांना त्यांच्या परिभाषेत 'रोगमुक्त अंडीपुंज' म्हणतात. दीडशे वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे. जेथे ही शिस्त नव्हती तेथे मोठी हानी झाली. काश्मीरचा रेशीम उद्योग १८७८ च्या सुमारास याच रोगाने बसला आणि १८९७ मध्ये युरोपातून निरोगी अंडी आणल्यावरच पुन्हा उभा राहिला.

पण या विजयकथेला एक दुखरी बाजू आहे. फ्रान्समध्ये रोग आटोक्यात आला, व्यापार मात्र परतला नाही. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि चीन-जपानचे स्वस्त कच्चे रेशीम थेट युरोपात येऊ लागले. ल्याँचे माग चालू राहिले, पण त्यांवरचा धागा आशियाचा होता. दक्षिण फ्रान्समधील तुती-शेतकऱ्याला पाश्चरने निरोगी किडे दिले, गेलेली बाजारपेठ कोणीच दिली नाही. रोगमुक्तता आणि उपजीविका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्याने ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

१९१३ : माणसाला जडलेला रोग

युरोपची ही अडचण जपानने संधी म्हणून ओळखली. १८७२ साली तेथील सरकारने पॉल ब्रुना या फ्रेंच तंत्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तोमिओका येथे धागा काढण्याचा आदर्श कारखाना उभारला. तो आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या कारखान्यात कामाचे तास मर्यादित होते आणि कामगार मुलींसाठी दवाखाना होता. पुढे खासगी कारखाने झपाट्याने वाढले तेव्हा यंत्रे तेथूनच गेली, दवाखाना मात्र क्वचितच गेला. १९०९ मध्ये चीनला मागे टाकून जपान कच्च्या रेशमाचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार झाला. १९२९ च्या सुमारास देशाच्या निर्यात-उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग एकट्या कच्च्या रेशमाचा होता. त्या पैशातून जपानने यंत्रे घेतली, जहाजे घेतली.

हा धागा काढत होत्या डोंगराळ खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली. वडिलांनी आगाऊ रक्कम घेतलेली, दिवसाचे बारा-चौदा तास काम, वाफेने भरलेली खोली, गरम पाण्यात बुडालेली बोटे आणि रात्री दाटीवाटीने झोपण्याची वसतिगृहे. क्षयरोगाला याहून अनुकूल वातावरण दुसरे कोणते? १९१३ साली इशिहारा ओसामु या जपानी वैद्यकतज्ज्ञाने 'कामगार स्त्रिया आणि क्षय' या विषयावर आपले संशोधन मांडले. कापूस आणि रेशीम कारखान्यांतील आजारी मुलींना घरी धाडले जाई, त्यामुळे कारखान्याच्या नोंदवहीत मृत्यू दिसत नसे. इशिहारांनी त्या मुलींचा माग त्यांच्या गावापर्यंत काढला. तेथे त्या क्षयाने मरत होत्या आणि मरण्यापूर्वी ज्या खेड्यांत क्षय फारसा नव्हता तेथे तो पेरत होत्या. जपानचा कारखाना कायदा १९११ मध्ये संमत झाला होता, तो अमलात यायला १९१६ साल उजाडले.

त्याच १९१३ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील पॅटर्सन या 'रेशीमनगरी'त हजारो विणकरांनी संप केला. दोन मागांऐवजी चार माग सांभाळण्याची सक्ती नको आणि कामाचे आठ तास असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. जपानच्या मुलींनी काढलेला धागा पॅटर्सनसारख्या अमेरिकन शहरांतल्या मागांवर चढत असे. पाच महिन्यांनी संप मोडला. आणि त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी आतड्याच्या धाग्यापेक्षा बारीक रेशीम शस्त्रक्रियेसाठी का श्रेयस्कर, याविषयीचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. ऊतींना कमीत कमी इजा व्हावी हा त्यांचा ध्यास होता. या तिन्ही घटनांत कार्यकारण-संबंध नाही. पण तेच रेशीम एका ठिकाणी जखम हळुवारपणे मिटवत होते आणि दुसऱ्या ठिकाणी, धाग्याच्या पलीकडच्या टोकाला, कोणाचे तरी फुप्फुस पोखरले जात होते, हे विसरता येत नाही.

पुढची घसरण वेगाने झाली. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनची घोषणा झाली, १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे देशभर विक्रीस आले आणि १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला. एका रासायनिक शोधाने आणि एका युद्धाने लाखो शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचा आधार गेला.

आपल्या दारातले रेशीम

आज कच्च्या रेशमाच्या उत्पादनात चीनचा पहिला आणि भारताचा दुसरा क्रमांक आहे. २०२३-२४ मध्ये आपल्या देशात ३८,९१३ टन कच्चे रेशीम तयार झाले आणि रेशीम व रेशमी वस्तूंची निर्यात सुमारे २,०२८ कोटी रुपयांची झाली. तुती, टसर, एरी आणि मुगा या चारही प्रकारांचे रेशीम पिकवणारा भारत हा एकमेव देश. उत्पादनात कर्नाटक अग्रेसर आहे. रामनगरचा कोषबाजार आशियातील सर्वांत मोठा मानला जातो. मराठवाड्यातील शेतकरीही पूर्वी तेथेच कोष घेऊन जात, आता जालन्यालाही बाजार उभा राहिला आहे.

तरीही आपल्याला चीनचे रेशीम लागते. आपले विणकर जेवढे मागतात तेवढे, आणि उभ्या ताण्याला लागते तसे एकसारखे सूत पुरेसे पिकत नाही. त्यातून एक अवघड पेच उभा राहतो. चिनी रेशीम स्वस्त आले तर तुतीचा शेतकरी बुडतो, त्यावर जकात वाढवली तर विणकराचा ताणा महागतो. २००३ साली सरकारने 'दोन ए' व त्याखालच्या प्रतीच्या चिनी कच्च्या रेशमावर मूल्यपातविरोधी कर बसवला. २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरील मूळ सीमाशुल्क ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणले, तर २०२१ च्या अर्थसंकल्पात ते १० वरून १५ टक्के केले. प्रत्येक फेरफारामागे कोणाचे तरी गाऱ्हाणे असते आणि ते खरेही असते. शेतकरी आणि विणकर कधी कधी एकाच जिल्ह्यात राहतात, आणि माझ्यासारख्याच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलेले असतात.

आमच्या सीमाभागाचे विणकामाशी जुने नाते आहे. इलकलच्या साडीचा लाल रेशमी पदर आणि गुळेदगुड्डचा चोळीचा खण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. पूर्वीच्या सांगली संस्थानातील शहापूर पेठ तिच्या साड्यांसाठी नावाजलेली होती. आज तेथील आणि वडगाव-खासबागच्या घरांतील हातमागांची जागा बहुतांशी यंत्रमागांनी घेतली आहे आणि त्यांवर कृत्रिम धागाही मोठ्या प्रमाणावर चढतो. तरी माणसे तीच आहेत. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. खटखटाट इतका की घरातली मंडळी एकमेकांशी ओरडूनच बोलतात आणि दवाखान्यात आल्यावरही आवाज खाली येत नाही. चाळिशीच्या आत कमी ऐकू येऊ लागते. हातमागाच्या खड्ड्यात आयुष्य घालवलेल्या वृद्धांच्या कमरा आणि गुडघे निकामी झालेले असतात. दृष्टी क्षीण होते, पण चष्मा हा 'सुगीवर' ढकलण्याचा खर्च.

माझा एक मधुमेही रुग्ण, वय पन्नाशीच्या पुढे, दर तीन-चार महिन्यांनी साखर भरमसाट वाढवून येई. औषध बदलूनही गुण येईना. एकदा निवांत विचारल्यावर तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माग चालू असला की गोळी चालू. सूत महागलं की मालक काम देत नाही, मग घरात आधी तांदूळ येतो." त्या दिवसापासून विणकर रुग्णाला मी "गोळ्या घेता का?" या प्रश्नाआधी "माग चालू आहे का?" हे विचारतो. शांघायचा भाव आणि वडगावातली रक्तशर्करा यांच्यात असा थेट धागा आहे. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा हा धागा फार जणांच्या गळ्याला काचला.

धागा काढणाऱ्यांचे आजार याहून बिकट. कोष उकळत्या पाण्यात टाकून टोक शोधावे लागते. गरम पाणी आणि मेलेल्या प्यूपांचा द्रव यांत सतत बुडालेल्या हातांची त्वचा फुटते, पिकते. फ्रान्समध्ये या विकाराला 'घंगाळाचा रोग' अशा अर्थाचे नावच पडले होते. रेशमावरील सेरिसिन या प्रथिनाची आणि किड्याच्या अवशेषांची काहींना अॅलर्जी होते. कर्नाटकातील धागाकाढणीच्या कारखान्यांत कामगारांना जडणाऱ्या दम्याची नोंद १९८० च्या दशकातच झाली आहे. २००३ साली, म्हणजे चिनी रेशमावर कर बसला त्याच वर्षी, ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने भारतातील रेशीम उद्योगात वेठीला लागलेल्या मुलांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. करावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. भाजलेल्या कोवळ्या बोटांविषयी तेवढी झाल्याचे मला स्मरत नाही.

तपासणी कोणाची?

येथे तीनही कथांचे सूत्र एकत्र येते. धाग्याचा ओलावा आपण टक्क्यांत मोजतो. अंडी घालून झाल्यावर प्रत्येक मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतो. बंदरावर गाठोडी थांबवण्याची पद्धत युरोपात कित्येक शतके जुनी आहे. पण ज्याच्या हातातून तो धागा जातो त्याची छाती, त्याचे कान, त्याचे डोळे कोण तपासतो? कारखाना मोठा असेल तर कायदा आहे. घरातल्या मागाला आणि चार घंगाळांच्या छपराला कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे पोहोचणारा सुशिक्षित माणूस एकच, तो म्हणजे गल्लीतला डॉक्टर.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ लिहिला तेव्हा रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घातली : "तुम्ही काम काय करता?" त्याच्या ग्रंथात ताग आणि रेशीम पिंजणाऱ्यांच्या खोकल्याचेही वर्णन आहे. तीनशे वर्षांनंतर आपल्या केसपेपरवर 'व्यवसाय' हा रकाना छापलेला असतो, आणि बहुधा तो कोराच राहतो. तो भरावा, ही माझी पहिली विनंती. 'मजुरी' असे लिहून भागवू नये. हातमाग, यंत्रमाग, कांडी भरणे, धागा काढणे, रंगकाम यांपैकी नेमके काय आणि किती वर्षे, हे लिहावे. आपल्या पन्नास दवाखान्यांतून एका वर्षात अशा नोंदी झाल्या तरी या भागातील विणकरांच्या आरोग्याचे खरे चित्र प्रथमच हाती येईल.

दुसरी विनंती आपल्या संस्थेला. वार्षिक आरोग्य शिबिर आपण सोयीसाठी सभागृहात भरवतो. एक वर्ष ते वडगावच्या विणकर वस्तीत, मागांच्या सुट्टीच्या दिवशी भरवावे. श्रवणचाचणी, श्वासाचा वेग मोजणारे साधे यंत्र, चष्म्याचा नंबर, रक्तदाब आणि साखर एवढे पुरे. आणि माग थंडावण्याच्या महिन्यांत मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या खंडित होऊ नयेत म्हणून औषधपेढीतून थोडा वाटा त्या वस्तीसाठी राखून ठेवावा. खर्च फार नाही. आपल्याकडे नमुन्यादाखल येणाऱ्या औषधांतूनही बराचसा भागेल.

जकातीचे दर आपल्या हातात नाहीत, शांघायचा भाव तर नाहीच. केसपेपरचा रकाना मात्र आपल्याच हातात आहे.